दोरीवरचा बुंधा

अर्जातला एकच रकाना रिकामा राहिला होता. 'कामाचा अनुभव'. बाकी सगळं भरून झालं होतं: पुण्यातली एम.एस्सी., संख्याशास्त्र हा विषय, आर आणि पायथन कितपत येतं, घरचं कोणी संघटनेत नोकरीला आहे का. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, रोममधल्या सांख्यिकी विभागात इंटर्न म्हणून घ्यावं, असा तो अर्ज होता. साल २०२२. आदल्या वर्षी असाच एक अर्ज मी पाठवला होता आणि त्याचं काहीच उत्तर आलं नव्हतं. निवड झाली तरच कळवू, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. त्यामुळे नकारसुद्धा हाती पडत नाही.

त्या रकान्यात मी लिहिलं: 'पीक कापणी प्रयोग, तालुका खटाव, जिल्हा सातारा, फेब्रुवारी २०१३.' आणि प्लॉटचं माप बरोबर लिहिलंय ना, एवढंच विचारायला नानांना फोन लावला.

"दहा बाय पाच मीटर, बरोबर आहे," नाना म्हणाले. मग थांबून त्यांनी विचारलं, "हे कशात लिहितेस?"

"अनुभवात."

"प्रयोग कोणी केला?"

"आपण केला की, नाना."

"मी केला. तू खुंटी धरली होतीस. चौदा वर्षांची होतीस." आणि मग अगदी मऊ आवाजात, "बुंधा दोरीच्या बाहेर आहे, बाळ. आत धरायचा नाही."

त्या दोन वाक्यांचं देणं मी आज लिहायला बसले आहे.

नाना आमचे नात्यातले कोणी नाहीत. ते कृषी सहाय्यक होते, मूळचे कराडकडचे. बदली होऊन आमच्या भागात आले तेव्हा आमच्या घराच्या सोप्यालगतची खोली त्यांनी भाड्यानं घेतली आणि पाच वर्षं राहिले. गाव त्यांना 'साहेब' म्हणायचं. आम्ही पोरं पहिल्या महिन्यापासूनच 'नाना' म्हणायला लागलो. त्यांचं कुटुंब गावी, मुलगा कॉलेजात. संध्याकाळी आईच्या हातची भाकरी खाऊन ते कंदिलाजवळ बसत (वीज आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची नसायचीच) आणि दिवसभराचे आकडे एका लांबट वहीत उतरवत. सरकारी तक्ता वेगळा. ही वही त्यांची स्वतःची. मी समोर बसून गणितं सोडवायची. सरासरी म्हणजे काय, हे मला शाळेत कळलं नाही. ते नानांनी पाच पायलींत वेगवेगळी ज्वारी ओतून, मग सगळी एका घमेल्यात ओतून परत सारखी वाटून दाखवलं. आई ओरडली होती, दाणे सांडले म्हणून. नानांनी एकेक दाणा वेचला.

खटाव तालुका पर्जन्यछायेत आहे. पाऊस सह्याद्रीवर पडून जातो आणि आमच्याकडे ढग नुसते दिसतात. येरळा नदी नकाशात वडूजवरून जाते. उन्हाळ्यात ती वाळूची असते. २०१२ सालचा पाऊस तर अगदीच रुसला. माण-खटावात जनावरांच्या छावण्या पडल्या, टँकर लागले, आमची म्हैस चार महिने छावणीत होती आणि वडील तिथंच झोपायचे. अशा वर्षी रब्बीचा शाळू जिथं उगवला तिथंही कमरेएवढाच राहिला.

पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०१३ मध्ये, पीक कापणी प्रयोगासाठी आमच्या गावात जे गट नंबर निघाले, त्यात एक आमच्या चुलत्यांचा, आप्पांचा होता. कुणी निवडला नव्हता. यादृच्छिक अंकांचं कोष्टक असतं, त्यातून निघतो. हे इथं सांगायला हवं, कारण पीक किती आलं हे सरकार कसं ठरवतं, ते शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसतं. जुनी रीत आणेवारीची. चार जाणती माणसं शिवार बघून सांगायची, यंदा आठ आणे, यंदा सहा आणे. आज तिला पैसेवारी म्हणतात. तेव्हा ती पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ धरत. त्यावर तपासणी म्हणून आणि विम्याच्या हिशेबासाठी प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करून बघायचं, तो पीक कापणी प्रयोग. एका महसूल मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग, आणि त्यांच्या सरासरीवर त्या मंडळातल्या हरेक विमेदाराचं नशीब.

आप्पांनी विमा उतरवला होता. सोसायटीचं कर्ज होतं, त्याबरोबर विमा आलाच. सरासरी कमी निघाली तर भरपाई. त्यामुळे त्या सकाळी बांधावर गर्दी होती आणि गर्दीला काय हवं होतं ते मला चौदाव्या वर्षीसुद्धा कळत होतं. एकजण म्हणाला, "साहेब, त्या पलीकडच्या खडकाळ तुकड्यात टाका की दोरी." नानांनी उत्तर दिलं नाही. ते शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात गेले, लांबीनं पावलं मोजली, रुंदीनं मोजली, कोष्टकातून दोन अंक काढले आणि तेवढी पावलं चालत आत गेले. जिथं पाय थांबला तिथं पहिली खुंटी. ती धरायला त्यांनी मला हाक मारली.

चार खुंट्या, टेप, काटकोन जुळवायचा, दोरी ताणायची, मग ती ताटांमधून खाली जमिनीपर्यंत उतरवायची. इथं खरी गोष्ट सुरू होते. दोरी रोपांच्या अंगावरून जाते. काही ताटं सरळ आत, काही सरळ बाहेर, आणि काही बरोबर दोरीवर. नाना गुडघ्यावर बसून त्या प्रत्येक ताटाचा बुंधा बोटानं चाचपत होते. अर्ध्याहून जास्त आत असेल तर घ्यायचा. नसेल तर कणीस कितीही दोरीच्या आत झुकलेलं असो, घ्यायचं नाही. तीस मीटरची ती दोरी त्यांनी पाऊण तासात पुरी केली. माझ्या गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या.

कापणी झाली, कणसं ताडपत्रीवर आली. मी दोन कणसं उचलून ओढणीत गुंडाळली. चांगली भरलेली होती ती. आप्पांच्या घरी त्या महिन्यात चहात दूध नव्हतं, हे मला माहीत होतं. दोन कणसं कमी झाली तर वजन कमी भरेल, एवढाच माझा हिशेब.

नानांनी पाहिलं. ते रागावले नाहीत, कुणाला दाखवलंही नाही. माझ्याकडे चालत आले, तळहात पुढे केला आणि धरून ठेवला. मी कणसं त्यावर ठेवली. ती ताडपत्रीवर गेली. रात्री भाकरी खाताना एवढंच म्हणाले, "आप्पांचं दुःख मला दिसत नाही असं समजू नकोस. पण त्यांचं दुःख माझ्या काट्यावर ठेवलं, तर उद्या दुसऱ्या कुणाचा लोभही ठेवावा लागेल."

त्या वर्षी आमच्या मंडळाला भरपाई मिळाली. माझ्या दोन कणसांशी तिचा काही संबंध नव्हता. दुष्काळ खराच होता.

पुढे पुण्यात एम.एस्सी.ला नमुना पाहणीच्या तासाला डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव आलं. त्यांचं १९५४ सालचं नमुना पाहणीवरचं इंग्रजी पुस्तक आमच्या ग्रंथालयात होतं, कडा झिजलेलं. सुखात्मे मूळ बुधचे. बुध म्हणजे आमच्याच खटाव तालुक्यातलं, पुसेगावजवळचं गाव. मी त्या गावावरून एसटीनं अनेकदा गेले होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १९११ साली जन्मलेला हा माणूस लंडनला जाऊन नेमन आणि पिअर्सन यांच्याकडे शिकला, १९४०च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत बसून त्यानं पिकाचा अंदाज डोळ्यानं नव्हे तर यादृच्छिक निवडीनं काढण्याची पद्धत देशभर रुजवली, आणि १९५१ पासून १९७० पर्यंत रोमला एफएओचा सांख्यिकी विभाग चालवला.

त्यांच्या कामातला एक वाद वाचताना मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान लहान वर्तुळाकार तुकडे कापून उत्पादनाचा अंदाज घेत होते. लहान तुकडा स्वस्त, लवकर होतो, म्हणून जास्त घेता येतात. सुखात्म्यांचं म्हणणं, लहान तुकड्यात उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडलं. कारण काय? सीमेवरचं रोप. कापणाऱ्याचा हात ते नकळत आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानं सीमा मोठी. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. नानांचा दहा बाय पाचचा प्लॉट: पन्नास चौरस मीटर, दोरी तीस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे साठ सेंटीमीटर दोरी. एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तर चौरस मीटरमागे दोन मीटर. तिपटीहून जास्त दोरी, आणि तिपटीहून जास्त मोह. महालनोबिसांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. हात शिकवलेला, नीट देखरेखीखालचा असेल तर लहान तुकडाही चालतो, असं त्यांच्या बाजूचे लोक म्हणत. पण मला त्या पानावर दोन थोर माणसांचा वाद दिसलाच नाही. गुडघ्यावर बसलेले नाना दिसले, बोटानं बुंधा चाचपणारे. त्यांनी सुखात्म्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांना प्रशिक्षणात कुणीतरी नियम सांगितला होता आणि त्यांनी तो पाळला होता, उन्हात, बांधावरच्या गर्दीसमोर. त्या दिवशी ठरवलं की रोमला अर्ज करायचा.

पहिला अर्ज मी चांगला लिहिला होता असं तेव्हा वाटलं होतं. शाश्वत विकास, परिवर्तन, जागतिक आव्हानं, असे शब्द होते. पिकाचा आणि माझा काही संबंध आहे, हे त्यात कुठं नव्हतं. दुसऱ्या वेळी नानांच्या फोननंतर 'अनुभव' हा रकाना मी पुसून टाकला आणि खाली लिहिलं, 'नाही'. हेतुपत्रात मात्र एक परिच्छेद घातला: चौदाव्या वर्षी एका प्रयोगात मी खुंटी धरली होती, दोन कणसं चोरली होती आणि ती परत द्यावी लागली होती. त्या प्लॉटात धान्य निघालं एक किलो एकशे पन्नास ग्रॅम, म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल तीस किलो.

"वजन वहीत बघून सांगू का?" नानांनी फोनवर विचारलं होतं.

"नको, नाना. ते मला पाठ आहे."

मुलाखत व्हिडिओवर झाली. समोर तिघं होते. एखाद्या देशानं एका वर्षाचा आकडा पाठवलाच नाही तर काय कराल, असं विचारलं. मी अंदाज भरण्याच्या पद्धती सांगितल्या आणि म्हटलं, पण तो अंदाज आहे हे त्या आकड्याशेजारीच लिहिलेलं असलं पाहिजे. मग त्यांच्यातल्या वयस्क बाईंनी माझं पत्र वर धरलं आणि त्या दोन कणसांबद्दल विचारलं. पंचवीस मिनिटांच्या मुलाखतीतली बारा मिनिटं आम्ही दोरीवरच्या बुंध्याबद्दल बोललो. रकान्यात मी 'अनुभव' लिहिलं असतं तर त्यांनी प्रयोगाची तांत्रिक चौकशी केली असती आणि दुसऱ्याच प्रश्नाला मी अडखळले असते, याची मला खात्री आहे.

निवड झाली. सहा महिने. एफएओ तेव्हा इंटर्नना महिन्याला जास्तीत जास्त सातशे डॉलर द्यायची. तिकीट आणि राहणं आपलं आपण. आईनं बचत गटातून पन्नास हजार उचलले, वडिलांनी म्हैस विकायची भाषा केली ती आम्ही दोघींनी मोडून काढली, आणि उरलेल्यासाठी नानांनी, जे तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते, चाळीस हजारांचा धनादेश पाठवला. सोबत चिठ्ठी: 'हे उसने आहेत.' हा शब्द त्यांनी मुद्दाम लिहिला, असं मला वाटतं. भेट म्हणून दिले असते तर आईनं घेतले नसते.

रोमबद्दल फार लिहीत नाही. चिर्को मास्सिमो स्थानकावर उतरायचं, रस्ता ओलांडला की संघटनेची पांढरी इमारत. माझं काम साधं होतं. देशोदेशींहून उत्पादनाच्या वार्षिक प्रश्नावल्या भरून येत, त्यांतले आकडे मागच्या वर्षांशी ताडून बघायचे, खटकेल तिथं खूण करायची. प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे देशानं अधिकृत दिलेला, 'ई' म्हणजे अंदाज, 'आय' म्हणजे पद्धतीनं भरलेला. भारताची ज्वारीची ओळ पहिल्यांदा उघडली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. एका मोठ्या देशाचं सगळं पीक एका आकड्यात, शेजारी एक अक्षर. आप्पांच्या शेतातलं धान्य त्यात कुठंतरी, कुठल्या तरी वर्षात होतं.

जुलै २०२३ मध्ये जगातल्या भुकेचा वार्षिक अहवाल आला. २०२२ साली उपाशी किती? ६९.१ कोटी ते ७८.३ कोटी. ही संख्या काढायच्या पद्धतीचं मूळ सुखात्म्यांच्या १९६१ सालच्या लंडनमधल्या एका निबंधात आहे. रात्री नानांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते हिशेबाला पक्के. लगेच म्हणाले, "म्हणजे मधली नऊ कोटी दोरीवर आहेत."

मी त्यावर काही बोलू शकले नाही. सुखात्म्यांबद्दल मला जो आदर आहे त्यात एक जागा दुखरी आहे, ती हीच. रोमहून परतल्यावर ते पुण्यात राहिले, आणि माणसाचं शरीर कमी आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित धरू नये, असं त्यांनी १९८०च्या आसपास हिरिरीनं मांडलं. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांना तितक्याच हिरिरीनं विरोध केला. संख्याशास्त्राच्या बाजूनं सुखात्म्यांचा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. पण शेतात दोरी एकदा पडली की ती कुठं पडली ते सगळ्यांना दिसतं. भुकेची दोरी टाकणारा माणूस खोलीत बसलेला असतो, आणि जिच्यावरून ती जाते तिला ते कळतही नाही. २०१३ च्या त्या महिन्यात आप्पांची बायको दोरीच्या आत होती की बाहेर? ती दिवसाला एकदा जेवायची. मी पाहिलं आहे. या प्रश्नावर मी दांडेकरांच्या बाजूची आहे, आणि ते मत मी विभागातही मांडलं.

परत आल्यावर पहिल्या महिन्यात नानांकडे गेले. पाकिटात चाळीस हजार होते. त्यांनी ते घेतले, दोनदा मोजले, आणि पावती लिहून दिली. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं, अक्षर तिरपं झालं होतं. मग मी म्हटलं, नाना, ती वही आहे का? त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेल्या वह्या, सालवार. मला दिसत नाही, तूच वाच, म्हणाले.

मी पान काढलं. रब्बी २०१२-१३. गट नंबर. शाळू. लांबीची पावलं, रुंदीची पावलं. हजर असलेल्यांची नावं, त्यात माझं, पुढं कंसात 'खुंटी'. आणि वजन.

"एक किलो," मी वाचलं, "पन्नास ग्रॅम."

मी पुन्हा पाहिलं. १.०५०. शून्य नीट गोल, ठसठशीत. दहा वर्षं मी एक किलो एकशे पन्नास धरून चालले होते.

"पत्रात काय लिहिलं होतंस?" नानांनी विचारलं.

"एकशे पन्नास."

त्यांनी मान हलवली. "शंभर ग्रॅम. हेक्टरी वीस किलो झाले." थोडा वेळ गेला. काकूंनी चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतला. "रोमला सांगितलास तोच आकडा?"

"हो."

"मग कळव त्यांना."

"नाना, तो काही त्यांच्या तक्त्यात जात नाही. नुसत्या माझ्या पत्रात आहे."

"कळव," ते म्हणाले.

परतीच्या एसटीला वेळ होता. कराडच्या स्थानकावर बाकड्यावर बसून मी त्या वयस्क बाईंना मेल लिहिला. माझ्या हेतुपत्रातला एक आकडा चुकला आहे. मूळ नोंद मी आज पाहिली. धान्य १.०५० किलो होतं, म्हणजे हेक्टरी २ क्विंटल १० किलो. सोबत वहीच्या पानाचा फोटो जोडला.

गाडी पुसेगावच्या अलीकडे आली तेव्हा फोन वाजला.

"गेलं का?" नानांनी विचारलं.

"गेलं, नाना."